पन्हळीचे काम आणि गेटपासपुरता विमा

एप्रिल उजाडला की भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांना एकदम आपल्या छपराची आठवण होते. वर्षभर पन्हळीत पाला साचलेला असतो, पत्र्याचे जोड गंजलेले असतात, उतरत्या पाइपात पक्ष्यांनी घरटी केलेली असतात. मृगाचा पाऊस यायच्या आत हे सगळे साफ करून, गळके तुकडे बदलून, गरज असेल तेथे नवी पन्हळ बसवून हवी असते. म्हणून पत्र्याचे व फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या आपल्या कारागिरांना या दोन महिन्यांत उसंत नसते. वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवायचा, छोट्या हत्तीवर लादायचा, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे येथील कंपन्यांत न्यायचा आणि तीस-चाळीस फुटांवर चढून जोडायचा, असा हा धंदा आहे.

कंपनीच्या गेटवर गेल्यावर पहिला प्रश्न कामाचा नसतो, कागदाचा असतो. ‘डब्ल्यूसी पॉलिसी आणली का?’ ठेकेदार एजंटला फोन लावतो. तासाभरात पॉलिसीचा कागद येतो, गेटपास निघतो, माणसे आत जातात. काम संपते, बिल लागते आणि तो कागद फायलीत जातो. त्या कागदावर काय लिहिले होते, हे ठेकेदाराने वाचलेले नसते, कंपनीच्या साहेबाने वाचलेले नसते आणि ज्याच्या जिवासाठी तो काढला त्या कारागिराने तर पाहिलेलाही नसतो.

गेट उघडण्यापुरता हा विमा चालतो. माणूस छपरावरून खाली आला म्हणजे तो चालतोच असे नाही. हा फरक कशाने पडतो, तेवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

जबाबदारी विम्यामुळे येत नाही

पुष्कळ ठेकेदारांची अशी समजूत असते की पॉलिसी घेतली तर भरपाई द्यावी लागते आणि नाही घेतली तर प्रकरण आपसात मिटवता येते. ही समजूत साफ चुकीची आहे. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आली आहे. २०१० साली या कायद्याचे नाव कर्मचारी भरपाई कायदा असे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला. नाव बदलले, पुस्तक बदलले, परंतु मूळ तत्त्व तेच राहिले. कामामुळे आणि काम करीत असताना अपघात झाला, तर भरपाई मालकाने द्यायची. विमा असो वा नसो.

यात ठेकेदाराने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की कंपनीने काम ठेक्याने दिले असेल तर कारागीर थेट कंपनीकडेही भरपाई मागू शकतो. कंपनीने ती दिली तर ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क कायद्याने कंपनीला दिला आहे. कंपन्या गेटवर पॉलिसी मागतात त्याचे खरे कारण हे आहे. त्यांना स्वतःची वसुली पक्की करायची असते. आपली काळजी आपणच घ्यायची आहे.

‘त्याने पट्टा लावला नव्हता, चूक त्याची होती,’ हे उत्तरही फारसे कामाला येत नाही. कारागीर दारूच्या नशेत होता किंवा त्याने मुद्दाम सुरक्षेचा नियम मोडला, असा बचाव किरकोळ दुखापतीत घेता येतो. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा निकामी झाला, तर हा बचाव कायदा ऐकत नाही.

रक्कम किती होते?

हिशेब अवघड नाही. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाची निम्मी रक्कम घ्यायची आणि वयानुसार कायद्याच्या तक्त्यात दिलेल्या आकड्याने गुणायची. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी ६० टक्के धरायचे. वेतन कितीही जास्त असले तरी हिशेबासाठी ते दरमहा १५,००० रुपयांपर्यंतच धरावे, अशी केंद्र सरकारची अधिसूचना ३ जानेवारी २०२० ची आहे.

समजा, ३० वर्षांचा वेल्डर आहे आणि त्याला महिना १८,००० रुपये मिळतात. हिशेबाला १५,००० धरले. त्याचे निम्मे ७,५००. वय ३० साठी तक्त्यातील आकडा २०७.९८ आहे. गुणाकार केला तर रक्कम येते १५,५९,८५० रुपये. तोच माणूस वाचला पण कायमचा अंथरुणाला खिळला, तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये.

ही रक्कम अपघाताच्या दिवसापासून देय होते. महिन्याभरात दिली नाही तर त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज लागते. आमच्या उदाहरणात मृत्यूच्या रकमेवर हे व्याज वर्षाला १,८७,१८२ रुपये होते. शिवाय उशिराला योग्य कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली एका प्रकरणात असे ठरवले की मूळ रक्कम आणि व्याज विमा कंपनीवर पडू शकते, पण दंड मालकानेच भरायचा, कारण कसूर त्याची आहे. पुढे २००६ साली असेही ठरले की पॉलिसीतच व्याज वगळले असेल तर तेही मालकावर येते. म्हणून पॉलिसी हातात आली की व्याजाबाबत काय लिहिले आहे, ते आधी पाहावे.

कारागिरांसाठी आणखी एक निकाल महत्त्वाचा आहे. एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. तक्त्याप्रमाणे हे काही टक्क्यांचे अपंगत्व होते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली म्हटले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरते हे पूर्ण अपंगत्व आहे. आपल्या पत्र्याच्या कारागिराचेही असेच असते. शिडी चढण्याचा पाय किंवा टॉर्च धरण्याचा हात गेला, तर डॉक्टरांच्या कागदावर टक्के कितीही असोत, त्याचा धंदा बसला.

कागदावर काय लिहिलेले असावे?

आता पॉलिसीकडे येऊ. बाजारात हिला अजूनही ‘डब्ल्यूसी पॉलिसी’च म्हणतात. हप्ता दोन गोष्टींवर ठरतो. आपण किती मजुरी जाहीर केली आणि काम कोणत्या जोखमीचे सांगितले. हप्ता कमी बसावा म्हणून नेमक्या याच दोन ठिकाणी लपवाछपवी होते आणि दाव्याच्या वेळी नेमक्या याच दोन ठिकाणी विमा कंपनी बोट ठेवते.

पहिली गोष्ट कामाच्या वर्णनाची. फॉर्मवर नुसते ‘फॅब्रिकेशन’ लिहिले तर ते जमिनीवर, वर्कशॉपमध्ये चालणारे काम समजले जाऊ शकते. नुसते ‘गटरकाम’ लिहिले तर आणखी घोटाळा होतो, कारण आपल्याकडे गटर म्हणजे रस्त्याकडेचे सांडपाण्याचे गटर. कारखान्यात ज्याला आपण गटर म्हणतो ती छपराची पन्हळ आहे, हे विमा कंपनीच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला कसे कळावे? म्हणून स्पष्ट लिहावे: ‘कारखान्याच्या शेडवर उंचीवर चढून पत्रे, पन्हळी व पावसाच्या पाण्याचे पाइप बसवणे, दुरुस्त करणे व साफ करणे, वेल्डिंगसह.’ उंची किती फुटांपर्यंत, तेही लिहावे. एका ठराविक उंचीच्या वरचे काम काही पॉलिसींत वगळलेले असते, ते विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट माणसांच्या संख्येची. पॉलिसी चार माणसांची आणि छपरावर नऊ, हे चित्र एप्रिल-मेमध्ये नेहमीचे आहे. घाईच्या दिवसांत जादा माणसे घेतली तर त्याच दिवशी एजंटला कळवून संख्या वाढवून घ्यावी. पॉलिसी चालू असताना अशी दुरुस्ती करता येते, तिला फार वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट मजुरीची. हप्ता वाचवायला महिना ९,००० दाखवायचे आणि प्रत्यक्षात १८,००० द्यायचे, असे केले तर कायदा भरपाई खऱ्या वेतनावर मोजतो आणि विमा कंपनी जाहीर केलेल्या वेतनाकडे पाहते. मधला फरक ठेकेदाराच्या घरातून जातो. वर्षाला वाचलेले काही हजार रुपये एका अपघातात लाखांनी परत जातात.

चौथी गोष्ट पोटठेक्याची. आपण काम घेतले आणि छपरावर चढण्याचा भाग एखाद्या मुकादमाच्या टोळीला दिला. ती माणसे आपल्या पगारपत्रकावर नाहीत. पॉलिसीत ‘पोटठेकेदारांची माणसे’ असा उल्लेख करून घेतला नसेल तर त्यांच्या अपघाताला ती लागू होणार नाही. कंपनी मात्र आपल्यालाच धरणार.

पाचवी गोष्ट दवाखान्याच्या खर्चाची. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणे २०१० पासून मालकाच्या जबाबदारीत आले. पण साध्या पॉलिसीत तो खर्च बहुधा नसतो किंवा त्याला छोटी मर्यादा असते. त्यासाठी जादा हप्ता देऊन वेगळी तरतूद जोडावी लागते. मणक्याचे किंवा डोक्याचे ऑपरेशन झाले तर दवाखान्याचे बिलच पहिल्या आठवड्यात लाखांत जाते. भरपाईची रक्कम पुढची, हा खर्च आजचा असतो.

सहावी गोष्ट तारखांची आणि जागेची. वर्क ऑर्डर ४५ दिवसांची आणि पॉलिसी ३० दिवसांची असू नये. पावसात पाणी गळाले म्हणून कंपनी पुन्हा बोलावते, तेव्हा पॉलिसी संपलेली असते आणि छप्पर ओले, निसरडे असते. सर्वांत धोक्याचा दिवस तोच. शक्यतो वर्षाची पॉलिसी घ्यावी आणि कामाचे ठिकाण एका कंपनीचे न लिहिता ‘पुणे जिल्ह्यातील सर्व कामाच्या जागा’ असे लिहून घ्यावे.

दहा माणसे झाली तर

ज्यांच्याकडे दहा किंवा अधिक माणसे आहेत त्यांना कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय लागू होतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार त्यात येतो. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के असे योगदान १ जुलै २०१९ पासून आहे. या कामगाराला कामावर अपघात झाला तर उपचार, पगाराऐवजी मिळणारी रक्कम आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला निवृत्तिवेतन ईएसआयकडून मिळते. त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. चिंचवडच्या मोहननगरात या योजनेचे रुग्णालय आहे.

येथेही अडचण अर्ध्या नोंदणीची असते. बारापैकी सात माणसांची नोंद केली आणि आठवा पडला, तर त्याची भरपाई ठेकेदारावर. आणि २१,००० च्या वर मिळवणारा हुशार फिटर ईएसआयच्या बाहेर असतो. त्याच्यासाठी डब्ल्यूसी पॉलिसी लागतेच. म्हणून अनेक ठेकेदारांना दोन्ही ठेवावे लागतात.

बँकेतून वर्षाला २० रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा प्रत्येक कारागिराने जरूर घ्यावा. अपघाती मृत्यूला त्यात २ लाख रुपये मिळतात. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात, मागील वर्षात ९० दिवस बांधकाम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते, तीही करावी. परंतु यातून मिळणारी मदत ही मालकाच्या भरपाईची जागा घेत नाही.

खाली उभा असलेला माणूस

पन्हळीचा वीस फुटांचा तुकडा दोरीतून सुटला आणि खाली उभ्या असलेल्या कंपनीच्या माणसावर किंवा रस्त्याने जाणाऱ्यावर पडला, तर? तो आपला कामगार नाही, म्हणून डब्ल्यूसी पॉलिसी त्याला लागू नाही. १७ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी किवळे येथे महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत वादळी पावसात लोखंडी होर्डिंग कोसळले आणि आडोशाला उभी असलेली पाच माणसे दगावली. होर्डिंगचा धंदा वेगळा, पण धडा एकच आहे. उंचावर बसवलेली लोखंडी वस्तू पडते तेव्हा बसवणाऱ्याचा शोध घेतला जातो.

यासाठी तिऱ्हाइताच्या नुकसानीचा, म्हणजे ‘पब्लिक लायबिलिटी’ विमा असतो. १९९१ च्या कायद्याने घातक रसायने हाताळणाऱ्यांना याच नावाचा एक विमा सक्तीचा केला आहे. तो निराळा. आपल्याला हवा तो ठेकेदाराच्या कामापासून इतरांच्या जिवाला व मालमत्तेला होणाऱ्या हानीचा.

वेल्डिंगच्या ठिणगीचा धोका याहून मोठा आहे. वर जोड मारताना खाली पुठ्ठ्याची खोकी, थर्माकोल किंवा रंगाचे डबे असतील तर शेड पेटायला पाच मिनिटे लागत नाहीत. वेल्डिंग, गॅसकटिंग यांसारखे काम पॉलिसीत समाविष्ट आहे का आणि त्यासाठी अटी कोणत्या, हे विचारल्याशिवाय हप्ता भरू नये. कंपनीचा ‘हॉट वर्क परमिट’ घेणे, खाली ताडपत्री किंवा न जळणारे कापड टाकणे आणि अग्निशामक घेऊन माणूस उभा करणे या अटी असतील, तर त्या पाळल्याचे फोटो ठेवावेत.

मोठ्या कामात ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ नावाची पॉलिसी निघते. काम चालू असताना वादळ, पूर, आग, चोरी यांनी झालेले कामाचे नुकसान आणि तिऱ्हाइताची हानी या दोन्ही गोष्टी तिच्यात असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पुणे जिल्ह्यातही पत्रे उडाले, ते ज्यांनी पाहिले त्यांना अर्धवट बसवलेल्या छपराचे काय होते हे सांगायला नको. ही पॉलिसी बहुधा मुख्य ठेकेदाराने काढलेली असते. तिच्यात पोटठेकेदार म्हणून आपले नाव आहे का, एवढे काम घेतानाच विचारावे.

काम सोपवल्यावर गळाले तर

जुलैमध्ये पन्हळ भरून वाहिली, पाणी आत उतरले आणि मशिन किंवा तयार माल भिजला. कंपनी डेबिट नोट काढते आणि बिल अडकते. येथे विम्याची मर्यादा नीट समजून घ्यावी. आपले काम सदोष होते म्हणून ते पुन्हा करून देण्याचा खर्च कोणताही विमा देत नाही. त्या दोषामुळे दुसऱ्याच्या मालाचे जे नुकसान झाले, त्याची तरतूद ‘पूर्ण झालेल्या कामा’ची जोखीम धरणाऱ्या पॉलिसीत असते. साध्या पब्लिक लायबिलिटीत ती नसते.

म्हणून येथे विम्याआधी करार महत्त्वाचा. पन्हळीचे माप कोणी ठरवले, उतार किती, पाइप किती आणि केवढे, हे कंपनीच्या नकाशाप्रमाणे असेल तर तसे लिहून सही घ्यावी. काम सोपवताना पाणी सोडून दाखवावे आणि सही-शिक्क्यानिशी पोच घ्यावी. पन्हळ साफ ठेवण्याची जबाबदारी त्यानंतर कोणाची, हेही त्याच कागदावर यावे. पाल्याने तुंबलेल्या पन्हळीचा दोष बसवणाऱ्यावर येऊ नये.

आपले वर्कशॉप आणि गाडी

वर्कशॉपसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी सर्व विमा कंपन्यांना द्यावी लागते. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल त्यांच्यासाठी ती आहे. आग, वीज, वादळ, पूर यांच्याबरोबर दंगल, संप व हेतुपुरस्सर केलेली नासधूसही तिच्यात येते. ३० जुलै २०१८ रोजी चाकणमध्ये जाळपोळ झाली, त्या दिवसाची आठवण असलेल्या दुकानदारांना या कलमाची किंमत कळेल. साध्या चोरीला वेगळी पॉलिसी लागते. मशिन आतून बिघडले तर तेही यात नाही.

मालमत्तेची किंमत कमी दाखवू नये. २० लाखांचा माल १० लाखांचा दाखवला आणि ४ लाखांचे नुकसान झाले, तर विमा कंपनी निम्मेच, म्हणजे २ लाख देते. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे, त्याहून अधिक नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखलीच्या कुदळवाडीत हजारो शेड व गोदामे पाडली. त्यात आपल्या अनेक व्यावसायिकांची वर्कशॉप होती. सरकारी यंत्रणेच्या आदेशाने झालेली पाडापाडी विम्यात येत नाही. ते कलम प्रत्येक पॉलिसीत वगळलेले असते. परंतु तेथून उठून जे दुसरीकडे गेले त्यांनी एक गोष्ट तपासावी. पॉलिसीवर पत्ता जुनाच आहे काय? मालमत्तेचा विमा त्या पत्त्यापुरता असतो. नव्या शेडला आग लागली आणि कागदावर कुदळवाडी असेल, तर दावा उभा राहणार नाही. पत्ता बदलायला एक अर्ज पुरतो.

गाडीचा तिऱ्हाईत विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. पण मालाच्या गाडीत पत्र्यांवर बसवून माणसे नेणे धोक्याचे आहे आणि विम्याच्या दृष्टीने वादाचे. गाडीत बसणाऱ्या मजुरांसाठी जादा हप्ता भरला आहे का, ते पाहावे. नव्या संहितेत घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसून आला तर, कामावरचा अपघात मानला जातो. म्हणजे रस्त्यावरची जबाबदारीही वाढली आहे.

अपघात झालाच तर

पहिले काम दवाखान्याचे. खासगी दवाखान्यातही अपघाताची पोलिसांत नोंद होईल असे पाहावे. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी किंवा ईमेलने कळवावे; एजंटला तोंडी सांगणे पुरत नाही. जागेचे फोटो, त्या दिवसाचे हजेरीपत्रक, मजुरी दिल्याचा पुरावा, गेटपासची नोंद आणि कारागिराच्या आधार कार्डाची प्रत एकत्र ठेवावी. मजुरी रोख देणाऱ्यांची येथे फार पंचाईत होते. मजुरी बँकेतून दिली तर ठेकेदार आणि कारागीर दोघांचाही पुरावा राहतो.

पुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मृत्यू झाला तर पुष्कळ वेळा चार लोक मध्ये पडतात, घरच्यांना दोन-तीन लाख रुपये देतात, स्टॅम्प पेपरवर ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून घेतात आणि मय्यत गावी पाठवतात. सर्वांना वाटते प्रकरण मिटले. कायद्यात ते मिटत नाही. मृत्यूची भरपाई कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. वारसांना परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. अपवाद फक्त तातडीच्या मदतीचा, तोही तीन महिन्यांच्या वेतनापुरता. हक्क सोडल्याचे लिहून घेतलेला कागदही कायद्यापुढे निरर्थक आहे. विधवेने उद्या दावा लावला तर ठेकेदार दोनदा भरतो. आणि तिला कोणी सांगितलेच नाही, तर पंधरा लाखांच्या हक्काच्या जागी तिच्या पदरात दोन लाख पडतात. बिहार, उत्तर प्रदेश किंवा मराठवाड्यातून आलेल्या कारागिराच्या घरी कायदा सांगणारे कोण असते?

विमा कंपनीने दावा नाकारला तर नकार लेखी मागावा. एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांना विमा लोकपालाकडे जाता येते. त्याचे कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही. नकारानंतर एक वर्षाच्या आत आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी हा मार्ग आहे.

एक शंका

आपल्या समाजातील अनेक व्यावसायिक विमा या शब्दालाच बिचकतात. त्यात व्याज आणि जुगाराचा अंश आहे, ही शंका प्रामाणिक आहे. ओआयसीच्या फिक्ह अकादमीने १९८५ साली जेद्दाह येथे व्यापारी विमा नाजायज आणि परस्पर सहकार्याचा विमा जायज ठरवला. त्या धर्तीवर १९७९ साली सुदानमध्ये तकाफुल कंपनी निघाली, १९८४ साली मलेशियाने तसा कायदा केला. भारतात तशी कंपनी नाही. कायद्याने सक्तीचा असलेला विमा, दुसऱ्याच्या हक्काच्या भरपाईसाठीचा विमा आणि स्वतःच्या लाभाचा विमा यांत उलमा फरक करतात. ज्याच्या मनात शंका असेल त्याने आपल्या मुफ्तीसाहेबांपुढे हा फरक मांडून विचारावे.

परंतु विमा घेतला नाही म्हणून कारागिराचा हक्क माफ होत नाही, हे त्यानेही ध्यानात ठेवावे. विमा नको असेल तर पंधरा-अठरा लाख रुपये बाजूला ठेवण्याची ऐपत हवी. हुकूकुल-इबादचा हिशेब दोन्हीकडे द्यावा लागतो.

शेवटी, पॉलिसी माणसाला झेलत नाही. भोसरीच्या जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे माणसाचे वजन पेलत नाहीत; पन्हळीपर्यंत जाताना पाय नेमका त्यांवरच पडतो. फळ्या टाकून चालावे, पूर्ण अंगाचा पट्टा पक्क्या दोराला अडकवावा, खाली जाळी बांधावी. पट्टा, दोर आणि जाळीचा खर्च एका छोट्या ऑर्डरच्या नफ्यातून निघतो.

यंदा गेटपाससाठी एजंटला फोन लावाल तेव्हा कागद आला की लगेच गेटवर देऊ नका. दहा मिनिटे बसून वाचा. काम, उंची, माणसे, मजुरी, तारीख, जागा. एवढे बरोबर असले, मगच शिडी लावा.